शब्दचर्चा: 'कर्बतंतूची सायकल' म्हणावं का?

प्रश्न: कार्बन फायबरला 'कर्बतंतू' चालेल का? आणि 'पोलादापेक्षा चिवट' हे वर्णन बरोबर आहे का?

साचेकार: धाग्यापुरता 'कर्बतंतू' उत्तम. माती परीक्षणाच्या अहवालातल्या 'सेंद्रिय कर्बा'मुळे 'कर्ब' परका राहिलेला नाही. पण सायकल नुसत्या तंतूची नसते. 5 ते 7 मायक्रॉन जाडीचे तंतू, त्यांचं विणलेलं कापड आणि ते कापड इपॉक्सीत (नंतर घट्ट होणाऱ्या चिकट रसायनात) भिजवून कडक केलेलं संमिश्र, या तीन वेगळ्या वस्तू आहेत. सायकल संमिश्राची.

'चिवट' मात्र काढाच. वाकवलं, पिळलं तरी तुटत नाही ते चिवट. हा तंतू ताठ आणि बळकट, पण ठिसूळ. दीड-दोन टक्के ताणला की तुटतो. पोलाद आधी वाकतं, हा वाकत नाही. 'वजनाच्या मानाने पोलादापेक्षा बळकट' असं लिहा. तंतूची घनता घन सेंटीमीटरला 1.8 ग्रॅमच्या आसपास, पोलादाची 7.85.

आडवाउभा: कापडाच्या वर्णनात '3के', '12के' येतं, म्हणजे एका जुडग्यात 3,000 किंवा 12,000 तंतू. त्याला 'पेड' म्हणता येईल?

साचेकार: पेड म्हटलं की पीळ आला, इथे तो सहसा नसतो. 'पेळू' जवळचा वाटतो, पण पेळूत कापसाचे आखूड तंतू असतात, हे अखंड. साधं 'जुडी' म्हणा.

राळवाला: इपॉक्सीसारख्या रसायनाला 'राळ' हा शब्द बरोबर असला तरी कामावर सगळे 'रेझिन'च म्हणतात. 200 ग्रॅम वजनाच्या चौरस मीटर कापडाला हाताने लावताना रेझिन साधारण तेवढंच, 200 ग्रॅम लागतं. जास्त ओतलं तर नुसतं वजन वाढतं. कमी पडलं तर कोरडे डाग राहतात आणि तिथून 'थर सुटतात'. हा कामावरचा शब्दप्रयोग तसाच ठेवावा, 'विस्तरण' वगैरे घडवू नये. भोक पाडताना मागे लाकडाची फळी घट्ट धरावी, नाहीतर ड्रिल बाहेर पडतं त्या बाजूचे थर सुटतात. आणि तोंडाला मास्क हवाच, धूळ फार बारीक असते.

आडवाउभा: 'गंजत नाही' असं बिनधास्त लिहावं?

राळवाला: स्वतः गंजत नाही, शेजाऱ्याला खातं. कार्बन वीजवाहक, अ‍ॅल्युमिनियमचा रिव्हेट थेट टेकला आणि ओल मिळाली की अ‍ॅल्युमिनियम झिजतं. मध्ये काचतंतूचा एक थर द्यावा किंवा टायटॅनियमचा रिव्हेट वापरावा. माहितीपत्रकात 'गंजत नाही'च्या पुढे हे वाक्य हवंच.