कंपनीला जिवाणूचा स्ट्रेन द्यायचा आहे. कराराची सुरुवात कुठून करावी?

नवा_समन्वयक

नमस्कार. मी एका अनुदानित संशोधन संस्थेत गेल्या सहा महिन्यांपासून सामग्री हस्तांतरण करारांचे, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या एमटीएंचे, काम पाहतो. त्याआधी मी प्रयोगशाळेत होतो, त्यामुळे पेट्री डिश ओळखीची आणि कलमे अनोळखी अशी माझी अवस्था आहे.

आमच्या एका गटाने सह्याद्रीतील एका देवराईच्या मातीतून एक जिवाणू वेगळा केला. तो सेल्युलोजचे विघटन करणारे विकर (एन्झाइम) भरपूर तयार करतो, आणि गटाने त्यात एक प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएचे छोटे कडे, घालून उत्पादन आणखी वाढवले आहे. आता एका कंपनीने हा सुधारित स्ट्रेन 'फक्त चाचणीपुरता' मागितला असून सोबत स्वतःचा अकरा पानी मसुदा पाठवला आहे. त्यातील तीन बाबी मला खटकतात. स्ट्रेनच्या वापरातून जी काही सुधारणा होईल, मग ती कोणीही केलेली असो, तिची मालकी कंपनीची राहील. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय निबंध प्रसिद्ध करता येणार नाही आणि त्या संमतीला कोणतीही मुदत नाही. शिवाय प्रकल्पप्रमुखांनी 'व्यक्तिशः' सही करायची आहे. प्रकल्पप्रमुख म्हणतात की एवढा खल कशाला, यूबीएमटीएचा, म्हणजे जैविक सामग्रीच्या हस्तांतरणासाठीच्या एकसमान कराराचा, तयार नमुना आहे, तोच पाठवून द्या.

दुसरी अडचण घरातलीच आहे. मागचे करार तीन कपाटांत आणि दोन निवृत्त सहकाऱ्यांच्या ईमेलमध्ये विखुरलेले आहेत. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

आवक_जावक

यूबीएमटीएचा मुद्दा आधी निकालात काढतो. हा नमुना अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९५ साली ना-नफा संस्थांच्या आपसातील देवाणघेवाणीसाठी प्रसिद्ध केला. दोन्ही संस्थांनी मूळ करार एकदा स्वीकारला की पुढे दर वेळी एक छोटे अंमलबजावणी पत्र पुरते, ही त्याची सोय आहे. व्यापारी कंपनीसाठी तो बेतलेलाच नाही, त्यामुळे तो पाठवल्यास कंपनीचा विधी विभाग दुसऱ्या दिवशी परत करील.

तरीही त्या नमुन्यातील व्याख्या प्रत्येक समन्वयकाने पाठ कराव्यात अशा आहेत. मूळ सामग्री, तिची संतती आणि तिची अपरिवर्तित व्युत्पन्ने (तिच्यापासून मिळवलेले पदार्थ) हा एक गट. घेणाऱ्याने त्या सामग्रीचा अंश ठेवून तयार केलेली नवी वस्तू, म्हणजे 'मॉडिफिकेशन', हा दुसरा. आणि सामग्रीच्या वापरातून निर्माण झालेली, पण तिचा अंशही नसलेली वस्तू हा तिसरा. आपला सुधारित स्ट्रेन या तिघांपैकी कोठे बसतो, हे त्या प्लाझ्मिडवर ठरेल. ते ॲडजीनसारख्या प्लाझ्मिड पेढीतून किंवा दुसऱ्या विद्यापीठाकडून यूबीएमटीएखाली आले असेल, तर आपला स्ट्रेन 'मॉडिफिकेशन' ठरतो आणि मूळ पुरवठादाराच्या लेखी संमतीशिवाय तो व्यापारी उपयोगासाठी देता येत नाही. कंपनी 'चाचणीपुरता' म्हणत असली तरी नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थेची चाचणी व्यापारी ठरण्याचा धोका असतोच.

म्हणून अकरा पानांवर लाल पेन चालवण्याआधी फ्रीझर उघडा. आमच्याकडे अशाच एका प्रकरणात उणे ८० अंशांच्या फ्रीझरमधून नळी काढली, तेव्हा तिच्यावर निळ्या मार्करने 'के-३ नवीन' एवढेच लिहिलेले होते. ते प्लाझ्मिड कोठून आले, हे शोधायला आम्हाला पाच आठवडे लागले. करार मात्र चार दिवसांत झाला.

देवराई_वाचक

मातीचा प्रश्न कोणी घेतला नाही, म्हणून लिहिते. जैविक विविधता कायदा, २००२ सूक्ष्मजीवांनाही लागू आहे. त्यामुळे नमुना कोणत्या गावातून, कोणत्या तारखेला आणि कोणाच्या परवानगीने घेतला, हे कागद हाताशी हवेत.

त्यानंतर कंपनी 'भारतीय' आहे का ते पाहावे, आणि हे तिच्या पत्त्यावरून ठरत नाही. पूर्वी भागभांडवलात किंवा व्यवस्थापनात कोणताही परकीय सहभाग असला तरी कलम ३ लागू होई आणि चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वमंजुरी लागे. २०२३ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२४ पासून अमलात आली, ही कसोटी बदलली असून आता कंपनी कायद्याच्या अर्थाने नियंत्रण परकीयांकडे आहे का, हे पाहिले जाते. पुण्याच्या औद्योगिक वसाहतीत कारखाना असलेली, पण परदेशी कंपनीच्या पूर्ण मालकीची उपकंपनी असेल, तर ती या कलमाखाली येईल. ती निखळ देशी असेल आणि तिला व्यापारी वापर करायचा असेल, तर नागपूरच्या राज्य जैवविविधता मंडळाशी संबंध येतो. केवळ संशोधनाचा वापर आणि व्यापारी वापर यांत फरक असल्यामुळे करारात 'उद्देश' या शीर्षकाखाली एक ओळ नव्हे, चांगला परिच्छेद लिहून घ्यावा.

जनुकीय फेरफार असल्याने दोन्हीकडच्या संस्थात्मक जैवसुरक्षा समित्यांच्या नोंदीतही हे हस्तांतरण आले पाहिजे. हा भाग बहुतेक जण विसरतात, अगदी मोठ्या संस्थासुद्धा.

कलमबहाद्दर

वरील दोघांशी सहमत आहे. मात्र कंपनीचा मसुदा पाहताच तो वैऱ्याचा दस्तऐवज समजू नये, असे मी वकिलीच्या अनुभवावरून सांगेन. पहिला मसुदा नेहमीच जास्तीचा मागतो आणि समोरच्यालाही ते ठाऊक असते. सुधारणांच्या मालकीबाबत 'ज्याने शोध लावला त्याची मालकी, दोघांनी मिळून लावल्यास संयुक्त' असे लिहून पाठवा, आणि संस्थेने एकटीने केलेल्या शोधावर कंपनीला ठरावीक मुदतीत परवान्याची बोलणी करण्याचा पहिला हक्क द्या. एवढ्यावर बहुतेक कंपन्या मान्य होतात. प्रसिद्धीसाठी संमतीऐवजी पाहणी असा शब्द घालून ३० दिवसांची मुदत द्या, आणि पेटंट अर्जासाठी गरज पडल्यास आणखी ३० ते ६० दिवस. मुदत उलटल्यावर मौन ही हरकत नसल्याची खूण समजली जाईल, हे वाक्य विसरू नका. पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्याचा प्रबंध या अटींतून स्पष्टपणे वगळा, नाहीतर बिचाऱ्याची मौखिक परीक्षा कंपनीच्या सवडीने होईल.

व्यक्तिशः सहीबाबत मात्र तसूभर मागे हटू नका. स्टॅनफर्ड विद्यापीठ विरुद्ध रोश हा खटला प्रकल्पप्रमुखांना अवश्य सांगा. १९८८ मध्ये एका संशोधकाने विद्यापीठाला 'शोधाचे हक्क देण्याचे मान्य करतो' असे लिहून दिले. नंतर पीसीआर हे डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याचे तंत्र शिकण्यासाठी तो सीटस या कंपनीत जाऊ लागला आणि तेथील गोपनीयतेच्या कागदावर 'याद्वारे हक्क देत आहे' अशा शब्दांखाली त्याने सही केली. पुढे तो व्यवसाय रोशकडे गेला. एचआयव्हीच्या मोजमापाच्या पद्धतीवरील पेटंटांचा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला आणि २०११ मध्ये निकाल रोशच्या बाजूने लागला. एक क्रियापद भविष्याचे होते, दुसरे वर्तमानाचे. सही करण्याचा अधिकार संचालकांना किंवा कुलसचिवांना असतो. प्रकल्पप्रमुखांनी 'वाचले व समजले' एवढ्याखाली सही करावी.

आवक_जावक

नोंदवहीचे राहिले होते. आधी महागडी प्रणाली घेऊ नका, एक साधी तक्ता-फाइल पुरे. करार क्रमांक, देणारा, घेणारा, सामग्री, संबंधित मूळ करार, वापराची मर्यादा, पुढे देण्यास मनाई आहे का, आणि संपल्यावर नष्ट करायचे की परत करायचे, एवढे रकाने ठेवा. जुने सगळे करार एकदम भरायला बसलात तर वर्ष जाईल. जी सामग्री आजही फ्रीझरमध्ये आहे, तिच्यापासून सुरू करा. आणि करार क्रमांक नळीच्या लेबलावर लिहिण्याचा नियम करा. कपाटातला कागद विद्यार्थी कधी पाहत नाही, नळी रोज पाहतो.

आणखी एक विचारतो: कंपनीला जिवंत स्ट्रेन हवाच आहे का? विकराची कार्यक्षमता पाहायची असेल, तर शुद्ध केलेल्या विकराची भुकटी द्यावी. जिवाणू वाढतो, भुकटी वापरली की संपते.

देवराई_वाचक

सूचना उत्तम आहे, पण २०२३ च्या दुरुस्तीनंतर जैविक संसाधनाच्या व्याख्येत व्युत्पन्नेही आली आहेत. त्यामुळे भुकटी पाठवली म्हणून कायद्याचा प्रश्न सुटला असे समजू नये.

नवा_समन्वयक

सर्वांचा आभारी आहे. दहा दिवसांनी लिहितो आहे. प्लाझ्मिड परदेशातील एका प्रयोगशाळेतून कुरिअरने आलेल्या पाकिटातले निघाले. सोबत स्नेहपूर्ण चिठ्ठी होती, करार नव्हता. त्या प्रयोगशाळेच्या संस्थेला रीतसर पत्र पाठवले आहे. कंपनीने भागधारणेचा तपशील दिला असून बहुसंख्य हिस्सा परदेशी मूळ कंपनीचा आहे, म्हणून प्राधिकरणाकडील अर्जाची तयारी सुरू केली. मूळ, प्लाझ्मिडविरहित जिवाणूचे विकर चाचणीला चालेल, असे कंपनीने कळवले आहे. मंजुरी येईपर्यंत तेही येथेच राहील. प्रकल्पप्रमुख थोडे नाराज आहेत. काल त्यांनी स्वतःहून चौदा नळ्यांवर नवी लेबले लावली, त्यांतील तिघींच्या करार क्रमांकाची जागा अजून रिकामी आहे.