मदत हवी आहे: झाडीपट्टीतल्या कामाचा पुरावा काय द्यायचा?

नमस्कार मंडळी. माझा भाचा इथलाच, नागपूरचा, बी.कॉम. झालेला. दोन वर्षांपासून दिवाळीनंतर गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या एका नाटक कंपनीसोबत झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भात गावोगावी होणारी, नाटकं करतोय. रात्रभर प्रयोग, पहाटे गाडीत झोप, की पुढचं गाव. अभिनय तिथंच शिकला तो, आणि मला त्याचा खरंच अभिमान आहे.

आता दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा ३ वर्षांचा अभ्यासक्रम करायचा म्हणतो. तिथं पदवीसोबत किमान ६ नाटकांचा अनुभव मागतात. नाटकं भरपूर झालीत, कागद मात्र राज्य नाट्य स्पर्धेतल्या एकाच प्रमाणपत्राचा. बाकीच्यांसाठी हँडबिलं, फोटो, निर्मात्याचं सहीचं पत्र चालतं का? विदर्भातून कुणी हा अर्ज भरला असेल तर कृपया सांगा.