'अग्रक्रम' म्हणजे नक्की काय अगोदर? (ऑपरेटर प्रिसिडन्स)

तिरपा_कंस: पार्सर (कोडची रचना उलगडणारा प्रोग्रॅम) कसा लिहावा यावरच्या लेखाचं भाषांतर करतोय. +, * अशा चिन्हांत कोण वरचढ हे ठरवणाऱ्या 'प्रिसिडन्स'ला 'अग्रक्रम' वापरला. तपासणाऱ्यानं हटकलं: गुणाकाराचा अग्रक्रम वरचा, तर व्याकरणात बेरजेचा नियम त्याच्या डोक्यावर कसा?

राशी → राशी + पद | पद
पद → पद * अवयव | अवयव

(| म्हणजे 'किंवा'.) जो सैल तो वर, जो घट्ट तो तळाशी. दुसरा शब्द आहे का?

जुनी_वही: अग्रक्रम रुळलाय, राहू द्या. शाळेपासून कंचेभागुबेव घोकलंय सगळ्यांनी.

उपपद: त्या घोकण्यानंच घोळ केलाय. बेरीज आधी म्हणून १० - ४ + ३ चं उत्तर ३ काढणारे पाहिलेत मी. दोन्ही एकाच पायरीवर, डावीकडून सोडवायचं, उत्तर ९.
आणि 'अग्र' म्हटलं की ते आधी चालतं असं वाटतं. क() + ख() * ग() ही तीन फंक्शनं घ्या. जावा भाषेत क() पहिल्यांदा चालतं, सी भाषेत तिघांचा क्रम कंपायलरच्या मर्जीवर. प्रिसिडन्स एवढंच सांगतो की न लिहिलेला कंस ख() * ग() भोवती आहे. म्हणून 'पकड' म्हणा.

जुनी_वही: पकड पेटीत ठेवायची असते हो. व्याकरणात नाही.

शुद्धमती: 'पूर्वता' का नको?

उपपद: त्यातही 'आधी' आलंच की.

शुद्धमती: बरं, पण पाणिनींचं 'विप्रतिषेधे परं कार्यम्' पाहा. दोन नियम भिडले तर नंतरचा जिंकतो. याक या पार्सर बनवून देणाऱ्या साधनातही चिन्हं जाहीर करणाऱ्या %लेफ्टच्या ओळींत खालची ओळ वरचढ. तिथेही शिफ्ट (पुढचं चिन्ह घ्यायचं) आणि रिड्यूस (घेतलेलं आधी नियमात बांधायचं) यांची टक्करच सोडवायची असते.

तिरपा_कंस: हे झकास आहे, पण 'वरचढ' ओळ खालची, हे मी वाचकाला कसं सांगू?

अर्धविराम: शब्द कुठलाही घ्या, तक्ता द्या. सीमध्ये अ & ब == क म्हणजे अ & (ब == क), हे कुठल्याच शब्दावरून कळणार नाही. तार्किक 'आणि'साठीचं && नंतर आलं, & तक्त्यात जुन्या जागीच राहिलं. -२^२ एक्सेलमध्ये ४, पायथनमध्ये -२**२ (तिथे घाताचं चिन्ह **) मात्र -४.

जुनी_वही: 'नंतरचा जिंकतो' इतकं सोपं नाही. पाणिनींच्या सूत्रांवरच्या महाभाष्यात पतंजलींनी 'पर'चा अर्थ 'इष्ट' असाही घेतलाय.

शुद्धमती: मग नियमाला अर्थच काय उरला? इष्ट कोण ठरवणार?

उपपद: भाषा लिहिणारा. सीचं तेच झालं.

तिरपा_कंस: 'असोसिएटिव्हिटी'ला (एकाच पायरीवरची चिन्हं डावीकडून सोडवायची की उजवीकडून) 'साहचर्य' चालेल ना?

शुद्धमती: साहचर्य गणिताचं. त्याचा वेगळा धागा काढा. जुनी_वही, महाभाष्यात नेमकं कुठे?