मदत हवी आहे: हत्यारांच्या जुन्या पेटीची कंपनी आणि साल कसे ओळखावे?

ओहायोकर
नमस्कार. आमच्या शेजारचे आजोबा मशीनिस्ट, म्हणजे कारखान्यात यंत्रांवर धातूचे भाग घडवणारे कारागीर होते. गेल्या वर्षी ते वारले आणि आता आजी घर आवरून मुलीकडे राहायला जाणार आहेत. शनिवारी त्यांच्या अंगणात सामानाची विक्री आहे, आणि गॅरेजमधल्या आजोबांच्या हत्यारांच्या पेटीची किंमत काय लावावी, असे त्यांनी मला विचारले आहे, कारण त्यांच्या मते मी इंजिनिअर आहे. (मी सॉफ्टवेअरवाला आहे, पण ते असो.) पेटीवर ‘ईगल’ असे कोरलेले असून त्याखाली कनेक्टिकट लिहिलेले आहे, म्हणजे कंपनी तीच असणार; परंतु ईगलच्या पेट्या शोधायला गेलो तर जालावर धड काहीच सापडत नाही. एक गृहस्थ आधीच येऊन चाळीस डॉलर देतो म्हणून गेले आणि त्यांची ती घाई पाहूनच मला शंका आली. पेटी नेहमीसारखीच आहे. किती साली बनली एवढे कळले तरी पुरे. तीनच दिवस उरले आहेत, कृपया लवकर सांगावे.

निवृत्त टर्नर
‘नेहमीसारखी’ म्हणजे कशी, हे आम्ही इथे बसून कसे ओळखावे? पेटी लाकडी आहे की पत्र्याची? खण किती आहेत? झाकण वर उघडते का, आणि समोरची फळी निघते का? लांबी, रुंदी आणि उंची यांचाही उल्लेख नाही. वर्कशॉपमध्ये कोणी असे ड्रॉइंग आणून दिले असते, तर आम्ही ते तसेच परत पाठवले असते.

गंजलेला पाना
पेटी बहुधा पत्र्याचीच असणार. रंग तपकिरी असून हात फिरवल्यावर बारीक सुरकुत्या लागत असतील, तर डोळे मिटून केनेडी म्हणा. ही कंपनी ओहायोमधल्याच व्हॅन वर्ट गावची, 1911 पासूनची. माझ्याकडे त्यांची एक पेटी आहे, तिचे खण आजही बोटाने ढकलले तरी सरकतात, त्यामुळे लाकडी पेट्यांचे एवढे कौतुक लोक का करतात हे मला कधीच समजलेले नाही.

ओहायोकर
क्षमस्व, लाकडी आहे हे सांगायचे राहिले. ओक असावे. वर उचलायचे झाकण, आतल्या बाजूला आरसा, आणि एकूण अकरा खण. समोरची फळी काढून तळाच्या खणाखालच्या फटीत सरकवून ठेवता येते. खणांना आतून हिरवी बनात (जाड लोकरी कापड) लावलेली आहे, दोन खणांत ती कसरीने खाल्ली आहे. लांबी साधारण सव्वीस इंच. आता सांगा, ईगल कधीची?

चावीवाला
किल्ली हरवली असल्यास कुलूप फोडू नका. अशा कुलपांना साधी चपटी किल्ली चालते आणि जुन्या कुलपांच्या किल्ल्या विकणाऱ्याकडे क्रमांकावरून ती मिळू शकते. क्रमांक कुलपाच्या तोंडाशी कोरलेला आहे का, ते पाहा.

ओहायोकर
किल्ली आहे, प्रश्न तो नाही.

पेटीप्रेमी (मिशिगन)
ईगल ही पेटीची कंपनी नाही. ‘ईगल’च्या पुढे ‘लॉक कंपनी’ असे शब्द तुम्हाला दिसले असतील, पण ते तुम्ही इथे लिहिले नाहीत. ईगल लॉक कंपनी कनेक्टिकटमधल्या टेरिव्हिलची होती आणि ती कुलपे बनवत असे. पेट्या बनवणारे कारखाने कुलपे, बिजागऱ्या आणि कोपऱ्यांचे पत्रे बाहेरून विकत घेत असत, त्यामुळे कुलपावरच्या नावावरून पेटी ओळखणे म्हणजे दाराच्या कडीवरून घराचा मालक ओळखण्यासारखे आहे. न्यू ब्रिटनच्या कॉर्बिनचे कुलूप असलेल्या पेट्यांबाबतही लोक नेमकी हीच चूक करतात.

तुम्ही वर्णन केलेली रचना, म्हणजे तळाच्या खणाखाली सरकणारी फळी, हिरवी बनात आणि झाकणातला आरसा, पाहिली की पहिले नाव गर्स्टनरचे येते. हॅरी गर्स्टनरने 1906 साली ओहायोतल्याच डेटनमध्ये हा कारखाना काढला आणि तो आजही तिथे चालू आहे. परंतु रचनेवरून निकाल देऊ नका, कारण रॉचेस्टरची युनियन आणि ओहायोच्याच स्वॉन्टनमधली पिलिऑड या कंपन्यांनीही लाकडी पेट्या बनवल्या आहेत, आणि दोन हात लांबून त्या एकमेकींच्या बहिणी वाटतात. समोरच्या फळीवर मध्यभागी धातूचा बिल्ला किंवा तो निघून गेल्याची दोन भोके आहेत का, ते पाहा. सगळे खण बाहेर काढून त्यांचे तळ, पाठी आणि पेटीचा तळ टॉर्च लावून तपासा.

सालाबद्दल: वरच्या ओळीत मधला खण बाजूच्या खणांपेक्षा उंच आहे का? असल्यास तो ‘मशिनरीज हँडबुक’ या जाडजूड पुस्तकासाठी ठेवलेला असतो. ते पुस्तक पहिल्यांदा 1914 मध्ये निघाले, तेव्हा तसा खण असलेली पेटी त्याआधीची नसणार. मूळ स्क्रूंच्या डोक्यावर फुली असेल तर काळ 1930च्या दशकाच्या मध्यानंतरचा, कारण फिलिप्स स्क्रू तेव्हाच बाजारात आले. मात्र नंतर कोणी दुरुस्ती करताना नवे स्क्रू बसवले असतील तर हा पुरावा बाद होतो, म्हणून न हललेल्या जागचे, म्हणजे आतल्या बिजागऱ्यांचे स्क्रू पाहावेत.

सुतारकाम
आधी पेटी नीट करून घ्या, किंमत दुप्पट येईल. पॉलिश पेपरने वरचा काळा थर काढा, तेल पाजा आणि नवी बनात चिकटवा. माझ्या सासऱ्यांची सागवानी पेटी मी अशीच चकाचक केली होती.

पेटीप्रेमी (मिशिगन)
कृपया असे काहीही करू नका. जाणकार गिऱ्हाईक मूळ पॉलिशचे पैसे देते, आणि घासताना कोपऱ्यातला छाप किंवा कागदी पट्टी गेली तर पेटीचा निर्माता ओळखण्याची शेवटची खूणही गेली. पॉलिश कोणते आहे हे पाहायचे असेल, तर कापसाच्या बोळ्यावर स्पिरिटचा एक थेंब घेऊन तो आतल्या न दिसणाऱ्या जागी टेकवावा. चिकट झाले तर लाखेचे पॉलिश आहे. काहीच झाले नाही तर व्हार्निश किंवा 1920च्या दशकापासून वापरात आलेले लॅकर असू शकेल. मात्र स्पिरिट छापील अक्षरांजवळ नेऊ नका, ती त्यात विरघळू शकतात.

सुतारकाम
पेटी वापरायची असते, आरतीला ठेवायची नसते. तुम्ही संग्राहक लोक कामाच्या वस्तूची काचेतली बाहुली करता.

निवृत्त टर्नर
सुतारकाम, तुमचे म्हणणे पेटी तुमची असती तर मान्य केले असते. इथे ती एका आजींची आहे आणि प्रश्न तिचा निर्माता व साल यांचा आहे. मला मात्र दुसऱ्याच गोष्टीचे नवल वाटते. आमच्याकडे मायक्रोमीटर हवा असला की पितळी टोकन देऊन तो स्टोअरमधून घ्यायचा आणि संध्याकाळी परत करून टोकन सोडवायचे, अशी पद्धत होती. अमेरिकेतल्या मशीनिस्टने मात्र मोजमापाची हत्यारे स्वतःच्या पैशाने घेऊन स्वतःच्या पेटीत सांभाळायची असत, म्हणूनच अशी सुबक पेटी एकेका माणसाच्या नावाची असे. आजोबांचे नाव कुठे ठोकलेले आहे का?

ओहायोकर
काल रात्री आजींसोबत सगळे खण बाहेर काढले. मधला खण खरोखरच उंच आहे, आणि त्यात पुस्तक नसून बटणांचा डबा होता. समोरच्या फळीवर बिल्ला नाही. पण दोन बारीक भोके आहेत आणि त्यांच्यामधले लाकूड आजूबाजूपेक्षा फिकट आहे. खालच्या डाव्या खणाच्या पाठीवर आजोबांच्या नावाची आद्याक्षरे पंचाने ठोकलेली आहेत, त्यातले शेवटचे अक्षर उलटे पडले आहे. एका खणात नंबर घातलेले आणि टांगायला भोक असलेले एक पितळी गोल नाणेही सापडले. बिजागऱ्यांचे स्क्रू एका खाचेचे आहेत.

आणि पेटीच्या तळाला एक कागदी पट्टी चिकटलेली आहे. निम्मी उंदरांनी नेली आहे. उरलेल्या भागावर ‘नर अँड सन्स’ आणि खाली ‘डेटन’, मग एक अंक, मग ‘ओहायो’ असे वाचता येते. तो अंक छपाईची चूक असावा किंवा मॉडेलचा क्रमांक असावा, म्हणून मी सोडून देणार होतो.

पेटीप्रेमी (मिशिगन)
तो अंक सोडला असतात तर सगळेच गेले असते. अमेरिकेच्या टपाल खात्याने 1943 मध्ये मोठ्या शहरांचे विभाग पाडून त्यांना एक-दोन आकडी क्रमांक दिले. तो क्रमांक शहर आणि राज्य यांच्या मध्ये लिहीत असत. 1 जुलै 1963 पासून पाच आकडी झिप कोड आले आणि ते राज्याच्या नावानंतर लिहिले जाऊ लागले. म्हणजे ती पट्टी 1943 ते 1963 या काळात, फार तर त्यानंतर जुने कागद संपेपर्यंतच्या वर्षा-दोन वर्षांत छापलेली आहे. ‘नर अँड सन्स’ आणि ‘डेटन’ एकत्र आले की गर्स्टनरबद्दल शंका उरत नाही.

एका खाचेच्या स्क्रूंवरून घाईने ‘1930च्या आधीची’ असे कोणी म्हणू नये. फुलीचा स्क्रू असला तर पेटी अमुक सालानंतरची ठरते, पण तो नाही म्हणून ती आधीची ठरत नाही, कारण लाकूडकामात एका खाचेचे पितळी स्क्रू पुढेही बराच काळ वापरात होते.

निवृत्त टर्नर
ते नाणे आमच्या टोकनचाच भाऊबंद आहे. आजोबा ज्या कारखान्यात होते तिथल्या टूल स्टोअरचे असणार. त्यावरून पेटीचे साल कळणार नाही, पण ते पेटीसोबतच राहू द्या.

गंजलेला पाना
याच धाग्यात माझाही एक प्रश्न विचारतो, कारण वेगळा धागा काढला की कोणी फिरकत नाही. माझ्याकडे सिअर्स या अमेरिकी दुकानसाखळीची लाल पत्र्याची क्राफ्ट्समन पेटी आहे आणि मॉडेलचा क्रमांक 706 ने सुरू होतो. हिची मूळ कंपनी कोणती?

पेटीप्रेमी (मिशिगन)
वॉटर्लू. सिअर्स स्वतः या पेट्या बनवत नसे, क्राफ्ट्समन हे 1927 पासून 2017 पर्यंत त्यांचे केवळ नाव होते, आणि मॉडेल क्रमांकाचे पहिले तीन आकडे ज्याने माल बनवला त्याची खूण असतात. केनेडीचा एवढा अभिमान बाळगून घरात लाल पेटीही ठेवता, हे वाचून बरे वाटले.

ओहायोकर
वीस वर्षांचा पट्टा फार मोठा आहे. एकच साल नाही का सांगता येणार?

पेटीप्रेमी (मिशिगन)
छायाचित्रे न पाहता सांगणे म्हणजे थाप मारणे होईल. कंपनी अजून डेटनमध्येच आहे. पट्टी, कुलूप आणि खणांच्या मुठी यांची छायाचित्रे त्यांना पाठवून विचारा. शनिवारपर्यंत उत्तर न आल्यास किमतीच्या चिठ्ठीवर ‘गर्स्टनर, डेटन, 1943 ते 1963’ एवढेच लिहा आणि चाळीस डॉलरवाल्यांना सध्या थांबवा. किमतीसाठी लिलावाच्या संकेतस्थळांवर प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या पेट्यांचे भाव पाहा, मागितलेले भाव पाहू नका. आणि हो, आजोबांनी पेटी कधी घेतली हे आजींना विचारले का?

ओहायोकर
हे विचारायचे मला सुचलेच नव्हते. आत्ता जाऊन विचारले. आजी म्हणाल्या की कारखान्यातली शिकाऊ उमेदवारी संपल्यावर पहिल्या पूर्ण पगारातून आजोबांनी ती घेतली आणि त्या महिन्यात घरभाडे थकले, म्हणून त्यांना साल पक्के आठवते: 1956. थकलेल्या भाड्यावरून त्या अजूनही चिडतात. बिल्ला कधी पडला हे मात्र त्यांना आठवत नाही. कंपनीला पत्र पाठवले आहे आणि चिठ्ठीवर 1956 लिहितो आहे.

पेटीप्रेमी (मिशिगन)
1956 हे साल पट्टीशी जुळते. फक्त चिठ्ठीवर ‘खरेदी 1956’ असे लिहा, ‘निर्मिती’ नको, कारण दुकानात पेटी किती दिवस पडून होती हे आपल्याला माहीत नाही. आणि तो बटणांचा डबा आजींना परत द्या.

चावीवाला
ईगलच्या कुलपाची किल्ली मिळत नसेल, तर क्रमांक कळवा, मी शोधून देतो.

ओहायोकर
किल्ली कुलपालाच लटकते आहे.