आइसलँडचा रिंग रोड: भाड्याच्या गाडीबद्दल काही शंका

पायपीटकर
जुलैमध्ये आइसलँडला पूर्ण प्रदक्षिणा घालायचा बेत आहे. चार माणसं, सात दिवस, भाड्याची गाडी. रिंग रोड सुमारे 1320 किमी, म्हणजे रोजचे दोनशेही होत नाहीत. मग वायव्येचे वेस्टफ्योर्ड्‌सही उरकून घेऊ, असं घरच्यांचं म्हणणं. फोर व्हील ड्राइव्ह लागतेच का? विमा कोणता घ्यावा? आणि रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवणं कितपत जड जातं?

खडीफोड
वेस्टफ्योर्ड्‌स आधी खोडा. तिथला रस्ता प्रत्येक खाडीच्या आतल्या टोकापर्यंत जातो आणि पलीकडून पुन्हा बाहेर येतो. नकाशावरचं बोटभर अंतर अर्धा दिवस खातं. सात दिवस नुसत्या रिंग रोडलाच जेमतेम पुरतील, कारण दर वीस मिनिटांनी कुणीतरी "थांब थांब, धबधबा!" म्हणून ओरडणार.

रिंग रोड 2019 पासून पूर्ण डांबरी आहे, उन्हाळ्यात साधी छोटी गाडी पुरते. फोर व्हील लागते ती आतल्या डोंगराळ भागातल्या, नंबराआधी 'एफ' असलेल्या रस्त्यांना. तिथे साधी गाडी नेणं बेकायदा आहे. फोर व्हील घेऊन नदीत घातलीत तरी पाण्याने झालेलं नुकसान सहसा कुठलाच विमा भरत नाही.

एक सापळा पूर्वेला आहे. ड्यूपिवोगुरच्या पुढे नेव्हिगेशन 939 नंबरचा ओक्सी घाट सुचवतं. साठ-सत्तर किमी वाचतात खरे, पण तीव्र चढाची खडीवाट आहे आणि धुकं असलं की कडा दिसत नाही. हवा स्वच्छ नसेल तर खाडीकाठचा 1 नंबरच, म्हणजे रिंग रोडच धरा.

विम्यात खडीचं संरक्षण घ्याच, समोरून येणाऱ्या गाडीचा दगड काचेला बसतोच. वाळू-राखेचा विमा दक्षिण किनाऱ्यासाठी. म्यिर्दाल्ससांदुर आणि स्केदाराउरसांदुर ही काळ्या वाळूची मैदानं आहेत, वादळात ती वाळू गाडीचा रंग खरवडून काढते. वाऱ्याने दार उलटं मुडपलं तर मात्र बहुतेक विमे हात वर करतात. म्हणून गाडी वाऱ्याकडे तोंड करून लावा, म्हणजे वारा दार बंद करायला बघतो. एका वेळी एकच दार उघडा, तेही धरून. मागे बसलेल्या मुलांना हे पहिल्याच दिवशी पढवा.

डावखुरा
उजव्या बाजूची सवय तासाभरात होते. ऑटोमॅटिक घ्या, म्हणजे गिअरसाठी हात दाराला आपटणार नाही. इंडिकेटरऐवजी वायपर सुरू होणं हे ठरलेलंच. खरा धोका फोटोसाठी थांबून रिकाम्या रस्त्यावर परत येताना असतो. समोर गाडी नसली की हात आपोआप डावीकडे वळतो. शेजारच्याने दर वेळी "उजवीकडे" म्हणायचं, एवढं काम त्याला द्या.

दोन पाट्या ओळखून ठेवा. 'एनब्रेद ब्रू' म्हणजे एकेरी पूल: जो पुलाच्या जवळ तो आधी, पण समोरचा वेग कमी करत नसेल तर हक्क गाजवू नका. 'मालबिक एन्दार' म्हणजे डांबर संपलं. रिंग रोड सोडून आडवाटेला लागलात की ही भेटेल. नव्वदच्या वेगात खडीवर उतरलं की गाडी तरंगते, आणि घाबरून ब्रेक दाबला की फिरते. वेग पाटीच्या आधीच कमी करा. डांबरावर 90, खडीवर 80, वस्तीत 50 ही मर्यादा.

दोन पदरी गोल चौकात बाहेर पडताना आतल्या पदराला प्राधान्य असतं. दिवे चोवीस तास लावायचे, आणि काही गाड्यांत 'ऑटो'वर मागचे लागत नाहीत, खटका फिरवून बघा. मेंढी एका बाजूला आणि कोकरू दुसऱ्या बाजूला दिसलं की कोकरू रस्ता ओलांडणार हे धरूनच चाला.

पायपीटकर
वेस्टफ्योर्ड्‌स खोडले, घरी निषेध नोंदवला गेला आहे. पेट्रोल, टोल आणि दिशा? घड्याळाच्या दिशेने की उलटं?

टाकीफुल्ल
बहुतेक पंपांवर माणूस नसतो. चार आकडी पिन असलेलं कार्ड हवं. 'टाकी पूर्ण भरा' निवडलं की मशीन आधी मोठी रक्कम अडकवतं आणि फरक नंतर सोडतं. फॉरेक्स कार्डावर ती बरेच दिवस अडकू शकते. म्हणून ठरावीक क्रोनांचा (तिथलं चलन) आकडा निवडा. 'बेन्सिन' म्हणजे पेट्रोल. पूर्व भागात अर्धी टाकी झाली की भरा.

क्वालफ्योर्दुरचा समुद्राखालचा बोगदा 2018 पासून फुकट आहे. अकुरेरीजवळच्या वाद्लाहेदीच्या बोगद्याला टोल आहे, पण नाका नाही. कॅमेरा नंबर टिपतो आणि पैसे ऑनलाइन भरायचे. एका दिवसाच्या आत नाही भरले तर भाडेकंपनी आपलं शुल्क लावून वसूल करते. बऱ्याच धबधब्यांच्या पार्किंगलाही हाच प्रकार.

दिशा वाऱ्यावर ठरवा. निघायच्या आदल्या दिवशी अंदाज बघा, जिकडे शांत तिकडून सुरुवात.

खडीफोड
टाकीफुल्ल, हे कॅम्परवाल्यांना, म्हणजे गाडीतच झोपणाऱ्यांना जमेल, तेही रात्री अधिकृत तळावरच काढायची हे धरून. जुलैत पूर्वेकडे खोल्या महिनोन्‌महिने आधी भरतात, चार जणांना आयत्या वेळी मिळत नाहीत. बुकिंग ठरलं की दिशाही ठरली. रोज सकाळी 'उम्फेर्दिन' या रस्ते खात्याच्या साइटवर वारा तेवढा बघा. आकडा मीटर प्रति सेकंदात असतो. 20 म्हणजे ताशी 72 किमी, तेव्हा बोर्गार्नेसजवळच्या हाफ्नारफ्याल डोंगराखालून जायची घाई करू नका.

डावखुरा
आणि गावोगावच्या गरम पाण्याच्या तलावांवर जाणार असाल तर आधी सगळे कपडे काढून साबणाने अंघोळ सक्तीची आहे, पोहण्याचा पोशाख त्यानंतर. घरच्यांना विमानतळावरच सांगून ठेवा.