सबसिडीत माळ्याचं इन्सुलेशन : २५० पौंड घालावेत का?

स्लाऊची_सई
आमचं १९३० च्या दशकातलं सेमी-डिटॅच्ड घर. कौन्सिल टॅक्स (घरपट्टी) बँड डी, ईपीसीही (घराच्या ऊर्जाबचतीची श्रेणी) डी. मार्च २०२६ पर्यंतच्या ग्रेट ब्रिटिश इन्सुलेशन स्कीम या सरकारी योजनेतून माळ्यावर २७० मिमी ग्लासवूल (काचतंतूंचा जाड थर) करून देतो, तुम्ही फक्त २५० पौंड भरा, अशी ऑफर आली आहे. वर आधीचं पिवळं ग्लासवूल आहे, दारापाशी पट्टी घालून बघितलं तर १०० मिमी भरलं. त्यावर फळ्या टाकून बॅगा, मखर, पाहुण्यांच्या गाद्या ठेवल्यात, ते सगळं उतरवावं लागेल. पुढच्या महिन्यात आई-बाबा सहा महिन्यांसाठी येताहेत. नवरा म्हणतो घेऊन टाक, माझं मन होत नाहीये. ज्यांनी केलंय त्यांनी सांगा.

लेस्टरकर
घ्या, विचार करत बसू नका. इन्सुलेशन नसलेल्या घरातली साधारण पाव उष्णता छतातून जाते. आणि हे पैसे कुणी आपल्यावर उपकार म्हणून देत नाही. सरकारने वीज-गॅस कंपन्यांवर बंधन घातलंय, आणि त्या तो खर्च सगळ्यांच्या बिलातून काढतात. म्हणजे सबसिडीतला तुमचा वाटा तुम्ही भरताच आहात. आपल्याच पैशाची वस्तू दारात आली तर परत का पाठवायची?

अभय_रेडिंग
थांबा. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी अशाच ऑफरमध्ये काम झालं. दोन माणसं आली, दीड तासात गेली. जानेवारीत सूटकेस काढायला वर गेलो तर छताच्या प्रत्येक खिळ्याच्या टोकाला पाण्याचा थेंब. टॉर्च फिरवला की चमकत होते. लाकडावर काळे ठिपके, बायकोच्या दोन पैठण्या ज्या बॅगेत होत्या तिला बुरशी. कारण नंतर कळलं : ग्लासवूल वळचणीपर्यंत ठासून भरलं होतं, हवा आत यायची वाटच बंद. इन्सुलेशन केलं की माळा आधीपेक्षा थंड होतो, बाथरूमची वाफ फटींतून वर गेली की तिथेच पाणी होऊन बसते. इन्स्टॉलरला सहा फोन केले, मग पदरचे पैसे घालून व्हेंट बसवले. दुधाने तोंड पोळलंय, म्हणून सांगतोय.

मोजपट्टी
सई, मी बिल्डिंग सर्व्हिसेसमध्ये काम करते, थोडं गणित मांडते. काहीच इन्सुलेशन नसलेल्या छताचा यू-व्हॅल्यू (उष्णता किती निसटते त्याचं माप, कमी तितकं चांगलं) साधारण २.३. १०० मिमीने तो ०.४ च्या आसपास येतो, २७० मिमीने ०.१६. म्हणजे मोठी उडी पहिल्या १०० मिमीतच संपते. तुमचा माळा ४० चौरस मीटर धरला, तर १०० वरून २७० केल्याने वर्षाला गॅसचे साधारण ५७० युनिट वाचतील. ६ पेन्सच्या भावाने ३४ पौंड. २५० वसूल व्हायला सात वर्षं. कोरा माळा असता तर वर्षाला ३०० पौंड वाचले असते आणि मी काही न विचारता हो म्हटलं असतं.

शिवाय जुन्या घरांचे जॉइस्ट (माळ्याच्या आडव्या तुळया) जेमतेम १०० मिमी उंच असतात. २७० च्या थरावर फळ्या दाबून बसवल्या तर ग्लासवूल चेपतं आणि त्याचा उपयोग जातो. फळ्यांखाली उंच पाय लावावे लागतात, आणि तो खर्च या ऑफरमध्ये आहे का ते विचारा. माझं मत : ३४ पौंडांसाठी माळा उपसू नका.

लेस्टरकर
मोजपट्टीताई, गणित मान्य, पण घर फक्त गॅसच्या बिलात राहत नाही. माझे वडील पुण्याहून आले की वरच्या खोलीत कानटोपी घालून झोपायचे. काम केल्यावर ती टोपी गेली. आणि जुलै २०२२ मध्ये इंग्लंडात पारा ४० च्या वर गेला तेव्हा त्याच खोलीत दुपारी बसता येत होतं. हे कुठल्या रकान्यात मांडणार?

अभय_रेडिंग
काम नीट झालं तर! ऑक्टोबर २०२५ चा नॅशनल ऑडिट ऑफिसचा अहवाल वाचा. सरकारी योजनांत बाहेरच्या भिंतींना इन्सुलेशन केलेल्या घरांपैकी ९८ टक्के घरांत मोठी दुरुस्ती लागणार आहे.

मोजपट्टी
अभय, तुमचं नुकसान खरं आहे, पण तो आकडा भिंतींचा आहे, माळ्याचा नाही. भिंतीत पाणी अडकलं तर प्लास्टर फोडावं लागतं. माळ्यावर वळचणीतला रोल हाताने मागे ओढता येतो. जी खरी भीती आहे ती स्प्रे फोमची, म्हणजे छताला आतून फवारून घट्ट होणाऱ्या फेसाची. कुणी 'त्याच किमतीत फोम मारून देतो' म्हणालं तर दार लावून घ्या. फोममुळे लाकूड तपासता येत नाही आणि अनेक बँका अशा घराला मॉर्गेज देत नाहीत.

स्लाऊची_सई
काल दोघांनी मिळून फळ्या उचलल्या. फळ्यांखालचं ग्लासवूल चांगलं आहे. पण बाथरूम आणि छोटी बेडरूम, जिथे आई-बाबा झोपणार, त्यांच्यावर काहीच नाही! नुसतं प्लास्टरबोर्ड आणि धूळ. १२ चौरस मीटर तरी असेल. आधीच्या मालकाने तिथपर्यंत टाकलंच नव्हतं.

मोजपट्टी
मग माझं उत्तर बदललं. त्या १२ मीटरचेच वर्षाला ९० पौंड होतात, बाकीचे धरून ११५ च्या आसपास. सव्वादोन वर्षांत पैसे वसूल. घ्या.

अभय_रेडिंग
किंवा तेवढ्या १२ मीटरला स्वतः रोल आणून टाका. मास्क, हातमोजे आणि एक शनिवार. फळ्यांना हात लावायला नको.

लेस्टरकर
स्वतः आणलं तर मालावर २० टक्के व्हॅट. इन्स्टॉलरने बसवलं तर मार्च २०२७ पर्यंत शून्य. आणि ट्रस्टमार्कवाला (सरकारमान्य दर्जा-नोंदणी असलेला) असेल तर तक्रारीला जागा राहते.

स्लाऊची_सई
ऑफर घेतेय, पण सर्व्हेयरला मेल केली आहे : वळचणीत हवेला वाट ठेवणार, पाण्याच्या टाकीखाली ग्लासवूल घालणार नाही, पाइप गुंडाळणार, बाथरूमचा एक्स्ट्रॅक्टर (वाफ ओढणारा पंखा) बाहेर सोडलाय का ते तपासणार, आणि काम झाल्यावर चारही कोपऱ्यांचे फोटो देणार. हे लेखी आल्याशिवाय २५० भरणार नाही. मखर खाली आणलंय, सध्या जिन्याखाली आहे.