एबी फॉर्म आणि प्राथमिक निवडणूक

अमेरिकेतील डेमोक्रॅटिक पक्षाचे प्रस्थापित नेतृत्व पुरोगामी उमेदवारांना जिंकूच देत नाही, हे अनेकदा मांडले जाणारे मत मला अर्धेच पटते. नेतृत्वाचा विरोध असतो हे खरे, पण तिथे पक्षाचा उमेदवार कोण, हे मुख्य निवडणुकीआधीच्या प्राथमिक निवडणुकीत मतदार ठरवतात. म्हणूनच २०१८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये पुरोगामी उमेदवार अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझ यांना पक्षाच्या वरिष्ठ फळीतील जोसेफ क्राउली यांचा पराभव करता आला. त्याच वर्षी पक्षाने, अध्यक्षपदाच्या उमेदवाराची निवड चुरशीची असेल तर सुपरडेलिगेटना, म्हणजे मतदारांनी न निवडलेल्या, पदामुळे प्रतिनिधी झालेल्या पक्षनेत्यांना, पक्षाच्या अधिवेशनातील पहिल्या फेरीत मतदान करता येणार नाही, असा नियमही केला.

आपल्याकडे हा दरवाजाच नाही. नागपूर महापालिकेच्या एका निवडणुकीत, वस्तीच्या पाण्यासाठी वर्षानुवर्षे झटलेल्या कार्यकर्तीला मिळायचा एबी फॉर्म, म्हणजे पक्षाची अधिकृत उमेदवारी देणारे पत्र, अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुसऱ्याच्या हाती गेलेला मी पाहिला आहे, आणि त्याविरुद्ध प्रभागातील मतदारांकडे दाद मागण्याची कोणतीही सोय तिला नव्हती.